अस्सल आणि तालीक

पारनेर तालुक्याची पश्चिमेकडची शीव ओलांडली की जुन्नरचा मुलूख सुरू होतो. या जुन्नरात १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी आला. गाव त्याचे त्वेर. घरून निघताना त्याने आपल्या राजाचे पत्र बरोबर घेतले होते. पण व्होल्गा नदीवर लुटारूंनी तांडा लुटला, आणि पुढे इराणमार्गे, समुद्र ओलांडून तो चौलच्या बंदरात उतरला तेव्हा त्याच्याजवळ जपण्यासारखी वस्तू एकच होती : विकायला आणलेला घोडा. घाट चढून तो जुन्नरला आला. तेथला बहमनी अधिकारी असदखान याने तो घोडाच ओढून नेला आणि सांगितले की, धर्म बदललास तर घोडाही देतो आणि वर हजार सोन्याची नाणी देतो; नाही बदललास तर घोडा तर जाईलच, शिवाय हजार नाणी तुझ्याकडून वसूल करीन. मुदत दिली चार दिवसांची. तेवढ्यात खुरासानचा एक ख्वाजा गावात आला. निकितिनने त्याचे पाय धरले, त्याने खानाकडे रदबदली केली आणि घोडा परत मिळाला.

ही हकीकत निकितिनने स्वतःच लिहून ठेवली आहे. ती वाचताना मला घोड्यापेक्षा त्या ख्वाजाचा विचार पडतो. तो दोन दिवस उशिरा आला असता तर? परक्या मुलखात ना भावकी, ना जमीन, ना जात, ना पंचायत. ओळख निघाली म्हणून माणूस वाचला. पण ओळख ही नशिबाची गोष्ट आहे. दरवर्षी वाऱ्याबरोबर येणाऱ्या शेकडो लोकांचा व्यवहार नशिबावर चालत नसतो. म्हणून समुद्रापलीकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांनी जगभर एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे राजाची मोहर असलेले पत्र. ते हाती पडल्यावर लगेच दुसरी अडचण उभी राहिली : पत्र एक आणि ते दाखवायची ठिकाणे पन्नास. मग नक्कल करायची कोणी, आणि ती खरी मानायची कोणाच्या शब्दावर? आजचे माझे सांगणे या दुसऱ्या अडचणीविषयी आहे. विषय दिसायला कोरडा आहे. पण ज्याने एकदा कचेरीच्या खिडकीत ‘मूळ कागद कुठे आहे?’ हा प्रश्न ऐकला असेल, त्याला तो कोरडा वाटणार नाही.

आपल्या कोकणातली मोहरेची पत्रे तांब्यावर असत. ताम्रपट म्हणजे साधारणपणे दोन-तीन पत्रे, कडा किंचित उचललेल्या, म्हणजे एकावर एक ठेवले तरी अक्षरे घासू नयेत. पहिल्या पत्र्याची वरची आणि शेवटच्याची खालची बाजू बहुधा कोरी. सर्वांना भोक पाडून त्यातून तांब्याची कडी ओवायची, आणि कडीच्या सांध्यावर राजमुद्रा बसवायची. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या मुद्रेवर गरुड असे. मुद्रा फोडल्याशिवाय मधला पत्रा बदलता येत नाही, हे त्या कडीचे मर्म. आज आपण करारनाम्याच्या प्रत्येक पानावर सही घेतो. ते काम ही कडी एकटी करीत असे.

मजकूर रचणारा अधिकारी मोठा. तह आणि युद्ध ज्याच्या हाती तो सांधिविग्रहिकच पुष्कळदा दानपत्राचा मसुदा करी. लिहिणारा वेगळा आणि कोरणारा आणखी वेगळा. कोरणाऱ्या कारागिराला वाचता येत असेच असे नाही. त्यामुळे अक्षर गळे, काना राही. म्हणून शिलाहारांच्या पत्रांच्या शेवटी राजाची संमती असते आणि तिच्याजोडीला अशा अर्थाचे वाक्य असते की, यात एखादे अक्षर कमी असो वा जास्त असो, ते सगळे प्रमाण आहे. मला हे वाक्य फार आवडते. कारकुनाच्या चुकीचा भुर्दंड पत्र धरणाऱ्यावर पडू नये, एवढी समज हजार वर्षांपूर्वीच्या दरबाराला होती.

आता या तांब्याच्या पत्र्यांत परदेशी व्यापारी कोठे दिसतात ते पाहू. डहाणूजवळच्या चिंचणी गावी काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा आहे. संजाणच्या मंडळावर तेव्हा कारभार होता मधुमती नावाच्या ताजिक सरदाराचा. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती म्हणजे महंमद. संस्कृत लेखकाने नावाला धोतर नेसवले आहे एवढेच. या अरब अधिकाऱ्याने नदीवर मोफत तर चालविली, अन्नछत्र घातले आणि एका हिंदू मठाला जमीन मिळवून दिली. त्याच गावच्या शके ९५६ च्या, म्हणजे १०३४ च्या पत्रात मठाला तेलाचा घाणा दिल्याची नोंद आहे. त्यात नगरातल्या ज्या प्रमुखांना उद्देशून राजाज्ञा सांगितली आहे, त्यांत अल्लिय, महर, मधुमत अशी नावे येतात. या मंडळींच्या जमातीला ‘हंयमन’ म्हटले आहे. शिलाहारांच्या पत्रांतही हा शब्द येतो. फारसी ‘अंजुमन’चे हे रूप, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे कोकणच्या बंदरात परदेशी व्यापाऱ्यांची संघटना होती, आणि राजाला दानपत्र काढताना तिला सांगावे लागत होते. संघटनेचा माणूस म्हणून मला याचे सुख वाटले तर आपण समजून घ्याल.

गोव्याच्या कदंबांचे अकराव्या शतकाच्या मध्याचे एक पत्र याहून बोलके आहे. कदंब राजा गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेला निघाला असता वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली. त्या वेळी अलियम नावाच्या ताजिक जहाजमालकाने त्याला वाचविले. पुढे याच राजाचा वंशज जयकेशी याने अलियमाच्या नातवाला मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांकडून कर घेण्याचा हक्क दिला. मशिदीला पत्रात ‘मिजिगिति’ म्हटले आहे. जहाजावर कर म्हणजे काय, हे दक्षिण कोकणच्या रट्टराजाच्या खारेपाटण ताम्रपटावरून कळते. शके ९३०, म्हणजे १००८ सालच्या या पत्रात देवस्थानासाठी परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सोन्याचा गद्याण लावून दिला आहे. असा हक्क ज्याला मिळाला, त्याला तो प्रत्येक नाखव्यापुढे सिद्ध करावा लागणार. आणि तांब्याचा जड जुडगा घेऊन धक्क्यावर रोज कोण उभा राहील?

केरळातल्या कोल्लमला हा प्रश्न साक्षींच्या वाटेने सोडविला. इ. स. ८४९ चे तेथले ताम्रपट तरिसापल्ली या चर्चला आणि बंदरातल्या व्यापारी संघांना हक्क देतात. मुख्य मजकूर जुन्या मलयाळमात आहे. पण शेवटच्या पत्र्यावर परदेशी साक्षीदारांच्या सह्या आहेत : काही अरबी कूफी लिपीत, काही पहलवीत, काही हिब्रू लिपीत. मुसलमान, पारशी-ख्रिस्ती आणि यहुदी, प्रत्येकाने आपापल्या अक्षरात ‘मी साक्षी आहे’ असे लिहिले. त्यांतल्या कितीजणांना वरचा मजकूर वाचता येत होता कोण जाणे. पण बगदादच्या व्यापाऱ्यालाही तो पत्रा उलटून पाहिल्यावर आपल्या लिपीत आपल्या माणसाचे नाव दिसत होते, आणि त्याला तेवढे पुरे होते.

सोमनाथजवळ वेरावळला १२६४ साली हुर्मुझच्या नूरुद्दीन फिरोज या नाखुद्याने जमीन घेऊन मशीद बांधली. तिचा लेख संस्कृतातही आहे आणि अरबीतही. संस्कृत लेखात साल चार प्रकारांनी दिले आहे : हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ आणि सिंह १५१. एक कालगणना विसरली तरी बाकीच्या तिघी साक्ष देतील. उरलेला पैसा मक्केला आणि मदिनेला पाठवावा, हेही त्यात लिहिले आहे. ज्या व्यवहाराचे एक टोक काठेवाडात आणि दुसरे अरबस्तानात, त्याचा कागद असाच दुभाषी असावा लागतो.

पण पत्र हरवले तर? फाटले, जळले, चोरीला गेले तर? आपले स्मृतिकार या बाबतीत फार व्यवहारी होते. याज्ञवल्क्याने राजाच्या पत्राला काय काय हवे ते सांगितले आहे : वंश, दानाचे माप, मुद्रा, स्वहस्त आणि तारीख, पत्र कापडावर चालेल किंवा तांब्यावर. त्यानेच पुढे व्यवहाराच्या प्रकरणात असेही सांगितले की, लेख परदेशी राहिला असेल, अक्षर लागत नसेल, नष्ट झाला असेल, पुसला असेल, चोरीला गेला असेल, फाटला किंवा जळला असेल, तर दुसरा करून घ्यावा. परदेशी राहिलेला लेख त्याने यादीत पहिला घातला आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा करून घ्यावा हे म्हणणे सोपे. नव्या पत्राकडे बघून लोक पहिल्याने संशयच घेतात. आसामच्या भास्करवर्म्याने सातव्या शतकात निधनपूरचे ताम्रपट नव्याने करून दिले. जुने, त्याच्या पणजोबाच्याही वडिलांनी दिलेले, आगीत गेले होते. नव्या पत्रात त्याने आवर्जून लिहविले की, जुने पत्रे जळाल्यामुळे ही अक्षरे नवी दिसतात, म्हणून ती खोटी समजू नयेत. आणि हा संशय निराधारही नव्हता. ६३१ सालच्या मधुबन ताम्रपटात हर्षवर्धन सांगतो की, अमुक गाव एक ब्राह्मण खोट्या पत्राच्या जोरावर भोगीत होता. ते पत्र मोडून टाकले आणि गाव दुसऱ्यांना दिले. खोटे राजपत्र करणाऱ्याला मनूने देहांत सांगितला आहे. शिक्षा एवढी कडक, याचा अर्थ धंदा बरा चालत होता!

युरोपात नेमक्या याच दुखण्यावर एक स्वतंत्र पेशा उभा राहिला, तो नोटरीचा. जिनोव्हाच्या जोव्हान्नी स्क्रिबा याची ११५४ पासूनची वही आजही आहे. टिकलेल्या अशा वह्यांत ती सर्वांत जुनी. नोटरी व्यापाऱ्यांचे करार लिही, आणि जुन्या मोहरबंद पत्रांच्या नकलाही करी. नकलेची रीत ठरलेली होती. साक्षीदारांसमोर मूळ पत्र उघडायचे. प्रथम मजकूर नव्हे, मोहर पाहायची : मेण कोणत्या रंगाचे, दोरा रेशमी की सुती, मुद्रेवर चित्र काय, कोठे चिरली आहे का. मग पत्रात खाडाखोड नाही हे नोंदायचे, मजकूर शब्दाला शब्द उतरायचा, दोन्ही ताडून वाचायचे आणि शेवटी आपले ठरलेले चिन्ह काढून सही करायची. म्हणजे नोटरी पत्राच्या खरेपणाबद्दल गप्पा मारीत नसे. आपण डोळ्यांनी काय पाहिले एवढेच सांगत असे.

या नकलांची किंमत किती, ते व्हेनिसवरून कळते. बायझंटाइन सम्राट अलेक्सिओस याने १०८२ साली व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना आपल्या राज्यात जकातमाफी दिली. व्हेनिसच्या दर्यावर्दी वैभवाचा पाया या सनदेत आहे असे म्हणतात. तिचे मूळ पत्र आज उरलेले नाही. तिच्यात काय होते ते आपल्याला कळते, ते पुढल्या काळातल्या लॅटिन नकलांवरून. सम्राटाची सोन्याची मोहर गेली, कारकुनाची शाई राहिली.

आपल्याकडे नोटरीचे हे काम सुलतानी आणि मोगली अमलात काजी करीत असे. त्याच्या शिक्क्याची नक्कल कचेरीत चाले. या बाबतीतला सर्वांत मोठा मामला इंग्रजांचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील जॉन सर्मन दिल्लीला गेला, दोन वर्षांच्या वर खटपट केली, आणि १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियर याच्याकडून बंगाल, हैदराबाद आणि गुजरात या सुभ्यांसाठी फर्माने मिळविली. बंगालमध्ये वर्षाला तीन हजार रुपये आणि सुरतेत दहा हजार भरले की जकात माफ. ही कलमे शाळेच्या पुस्तकात असतात. बंगालच्या फर्मानातले एक कलम मात्र पुस्तकात येत नाही. कंपनीने अर्ज केला होता की, प्रत्येक ठिकाणचे अंमलदार मूळ सनद मागतात. प्रत्येक ठिकाणी मूळ सनद नेऊन दाखविणे अशक्य आहे. तरी मोठ्या काजीच्या शिक्क्याची नक्कल खरी धरावी आणि मुळासाठी अडवू नये. बादशहाने ते मान्य केले. जकातमाफीपेक्षा हे कलम लहान दिसते. पण ते नसते तर नदीवरच्या एकेका चौकीवर कंपनीची होडी अडली असती आणि मूळ फर्मान पेटीत पडून राहिले असते.

मराठी दफ्तराने हीच गाठ वेगळ्या रीतीने सोडविली, आणि ती रीत मला सर्वांत न्यायाची वाटते. सनद ज्याच्या नावे, ती त्याच्या हाती. पण तिचा अंमल करायचा तो देशाधिकारी, मामलेदार, गावचा मोकदम यांनी. त्यांना कागद कशाचा? म्हणून पत्राच्या शेवटी हुकूमच असे : प्रतिवर्षी नवीन पत्राचा आक्षेप न करणे, या पत्राची तालीक लिहून घेऊन अस्सल पत्र भोगवटियास परतोन देणे. तालीक म्हणजे नक्कल. भोगवटा म्हणजे हक्काचा चालू उपभोग. मग मुद्रा, ‘मोर्तब सुद’ आणि दफ्तरात नोंद झाल्याची ‘बार’. या ओळीत दोन गोष्टी एकदम साधल्या आहेत. दरवर्षी नवा कागद आण म्हणून कोणी छळायचे नाही. आणि नक्कल अंमलदाराने ठेवायची, अस्सल रयतेच्या घरी राहायचे. आपल्या तालुक्यात अजूनही एखाद्या जुन्या वाड्यात बांबूच्या नळकांड्यात किंवा रुमालात बांधलेला मोडी कागद निघतो, त्याच्यामागे हे वाक्य आहे.

आता आमच्या धंद्यातले एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात तीन वर्षांचा पगारकरार झाला. सह्या झाल्या, पेढे वाटले. मूळ करार व्यवस्थापकाच्या कपाटात गेला. कामगारांना मिळाली धुरकट झेरॉक्स, तिच्यातल्या शेवटच्या पानावरची सही नुसती सावलीसारखी. दुसऱ्या वर्षी महागाईभत्त्याचे कलम अंगाशी येऊ लागले तेव्हा व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, ‘ही नक्कल आम्हाला मान्य नाही, मूळ दाखवा.’ मूळ त्यांच्या पाठीमागच्या कपाटात होते! तिसरी प्रत सरकारी दफ्तरात होती. ती शिक्क्यानिशी हाती यायला पाच महिने गेले, आणि त्या पाच महिन्यांत दोन कामगारांनी बायकोचे दागिने गहाण टाकले. भत्ता पुढे फरकासकट मिळाला. व्याज कोणी दिले नाही. त्यानंतर आमच्या संघटनेत नियम झाला की, सह्या होताना अस्सल प्रती दोन करायच्या, दोन्हींवर शाईच्या सह्या, आणि एक आपल्या पेटीत. हा नियम मी एका वाचनालयात पेशवेकालीन सनदांचे छापील खंड चाळताना शिकलो.

या चालीचा शेवट कोठे झाला तेही सांगितले पाहिजे. १७१७ मध्ये काजीच्या नकलेवर भागवून घ्या म्हणून दिल्लीला अर्ज करणारी कंपनी पुढे आपल्या मुलखाची धनी झाली. १८५२ चा अकरावा कायदा करून तिने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला अधिकार दिले. कमिशनचे अंमलदार गावोगावच्या इनामदारांना बोलावू लागले : कशाच्या आधारे जमीन खाता, सनद दाखवा. ती अस्सल की बनावट ते पाहिले जाई, पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या नोंदीशी ताडले जाई. ज्यांच्या घरी वाळवी लागली होती, ज्यांचे घर दंग्यात जळले होते, ज्यांच्या भाऊबंदांनी कागद दाबून ठेवले होते, त्यांना शंभर वर्षांचा भोगवटा सिद्ध करीत कचेरीची पायरी झिजवावी लागली. पुष्कळांची इनामे गेली. आगीत गेलेल्या पत्राला दुसरे करून देणारा राजा आता नव्हता.

१८६३ मध्ये सरकारने सरसकट तडजोडीचे दोन कायदे केले. आकाराची चौथाई आणि नजराणा भरायला जो कबूल होईल, त्याची चौकशी बंद. कागद खरा असून वाचवता आलेला नव्हता अशांनी, आणि कागद मुळातच नव्हता अशांनीही, चौथाई भरली आणि नव्या सनदा घेतल्या. या नव्या सनदा छापील होत्या. नाव आणि आकडा तेवढा हाताने भरलेला.